हॉट रॉडसाठी हातानं पत्र्याचे भाग बनवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये मी बारा वर्षं पत्रा दाबला, आणि आता कॅलिफोर्नियात शनिवार-रविवारी तो ठोकतो. गॅरेजमध्ये मित्राची 1932 ची फोर्ड रोडस्टर उभी आहे. तिचे फोटो पाहून इकडचे मराठी शेजारी, तिकडचे भाचे-पुतणे आणि जुने सहकारी तेच तेच विचारतात. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं.

हॉट रॉड म्हणजे काय, आणि ‘ट्रॅडिशनल’ कुठल्या गाडीला म्हणायचं?

1930 च्या दशकात लॉस एंजलिसच्या आसपासची पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची. मडगार्ड, बंपर, पुढची काच, जे जे सुटेल ते काढून टाकायची, इंजिनाला जमेल तेवढा जोर द्यायची आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर जाऊन वेग मोजायची. अशी गाडी म्हणजे हॉट रॉड. 1937 मध्ये या पोरांच्या क्लबांची मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन झाली. पुढे म्युरॉक हवाई दलाकडे गेलं आणि मंडळी एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर सरकली. 1949 पासून युटाहमधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावरही शर्यती सुरू झाल्या. या सगळ्यात लाडकी गाडी 1932 ची फोर्ड, कारण सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं व्ही-8 इंजिन तिच्यात पहिल्यांदा आलं: 221 घन इंच, 65 हॉर्सपॉवर.

‘ट्रॅडिशनल’ म्हणजे ढोबळमानानं 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ज्या वस्तू आणि ज्या पद्धती उपलब्ध होत्या, त्यांतच बसणारी गाडी. वाद घालायचा तर रात्र पुरत नाही. मी एकच कसोटी लावतो: हा भाग 1950 साली बर्बँकच्या एखाद्या गॅरेजात बनू शकला असता का?

तयार भाग बाजारात मिळतात, मग हातानं बनवायचा खटाटोप कशाला?

1932 च्या फोर्डची तर अख्खी बॉडी नव्या पत्र्यात मिळते. पण कारखान्यातला भाग कारखान्याच्या गाडीला बसतो. तुमची गाडी नव्वद वर्षांत कुठं कुठं आपटलेली असते, कुणीतरी चॅसी बदललेली असते, इंजिन दुसरंच असतं. माझ्या मित्राच्या गाडीत डावा आणि उजवा काउल (बॉनेट आणि दरवाजा यांच्या मधला पत्रा) यांत सात मिलिमीटरचा फरक निघाला. तिथं तयार बॉनेट बसवायला गेलात तर बॉनेटसाठी गाडी कापावी लागेल.

दुसरं कारण इतिहासातलं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉकहीड, डग्लस, नॉर्थ अमेरिकन या विमान कारखान्यांत इथल्या हजारो माणसांनी पत्रा कापला, वळवला, रिव्हेट केला. युद्ध संपल्यावर तेच हात आणि तीच हत्यारं गॅरेजांत आली. बिल बर्कनं तर 1946 मध्ये विमानाच्या पोटाखाली लटकवायची जादा इंधनाची टाकीच गाडीची बॉडी म्हणून वापरली. पहिली पी-51 विमानाची होती, नंतर पी-38 ची 315 गॅलनची मोठी टाकी आली. त्यामुळे हातानं बनवलेला पत्रा हा या गाडीचा दागिना नव्हे, तिचा स्वभाव आहे.

कुठला पत्रा आणायचा?

बॉडीसाठी कोल्ड रोल्ड माइल्ड स्टील. अमेरिकेत 18 किंवा 19 गेज मागतात, म्हणजे साधारण 1.2 किंवा 1.0 मिमी. फायरवॉल (इंजिन आणि ड्रायव्हर यांच्या मधली पत्र्याची भिंत), फ्लोअर, टनेल (गिअरबॉक्सवरचा उंचवटा) यांना 1.2 मिमी बरा. ब्रॅकेटला 16 गेज, म्हणजे 1.5. वजनाचा अंदाज हवा तर 1.2 मिमी स्टील चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतं.

भारतात घेणार असाल तर नुसतं ‘सीआर शीट द्या’ म्हणू नका. आयएस 513 मध्ये सीआर1 ते सीआर5 अशा प्रती आहेत. साध्या घडीला सीआर1 चालतो. खोल आकार काढायचा असेल तर सीआर3 किंवा सीआर4 मागा, नाहीतर कोपरा वळता वळता चिरतो आणि तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देत बसता. जस्ताचा मुलामा असलेला जीआय किंवा जीपी पत्रा या कामाला आणूच नका. त्याचं कारण सुरक्षिततेच्या प्रश्नात आहे.

अॅल्युमिनियममध्ये 3003-एच14 हा हाताला ऐकणारा प्रकार. 6061-टी6 ब्रॅकेटला छान, ठोकायला घेतलात की तडकतो.

पुठ्ठ्याचा नमुना खरंच लागतो का? सरळ पत्र्यावर आखलं तर?

आखा. मग तोच पत्रा कापून दुसऱ्या भागाला पॅच म्हणून वापरा, कारण पहिल्या भागाला तो बसणार नाही.

खोक्याचा जाड पुठ्ठा नको. त्याच्या नळ्या एकाच दिशेनं वाकतात आणि फसवतात. कपड्यांच्या किंवा कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पातळ, घट्ट पुठ्ठा घ्या. पुठ्ठा जिथं सुरकुती न पडता बसतो, तिथं पत्रा नुसत्या घडीनं बसेल. जिथं पुठ्ठ्याला चीर द्यावी लागते आणि चीर उघडते, तिथं पत्रा ताणावा लागणार. जिथं पुठ्ठा एकावर एक चढतो, तिथं पत्रा आकसवावा लागणार. म्हणजे पुठ्ठा तुम्हाला मापाबरोबर कामाची यादीही देतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती.

नमुन्यावर चार गोष्टी लिहा: डावा की उजवा, पुढची बाजू कुठली, बाहेरची बाजू कुठली, घडी वर की खाली. ‘लक्षात राहील’ म्हणू नका.

घडी घातल्यावर माप चुकतं. किती सोडायचं?

वळताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, त्यामुळे बाहेरच्या मापांची सरळ बेरीज केली तर पत्रा जास्त होतो. 1.2 मिमी पत्रा, आतली त्रिज्याही 1.2 मिमी, 90 अंशांची घडी: दर घडीला सुमारे 2.2 मिमी वजा करायचे. बॅटरीच्या ट्रेचं उदाहरण घ्या. तळ 180, दोन्ही बाजू 50-50, सगळी मापं बाहेरून. बेरीज 280. घड्या दोन, म्हणून 4.4 वजा. पत्रा कापायचा 275.6.

पण माझ्या आकड्यावर विसंबू नका, तुमचं फोल्डिंग मशीन वेगळं वळवतं. त्याच पत्र्याची बरोबर 100 मिमीची पट्टी कापा, मधोमध वळवा, दोन्ही पाय बाहेरून मोजा. बेरीज 100 पेक्षा जितकी जास्त येईल तितकं तुमच्या मशीनचं वजावटीचं माप. ते मशीनवरच मार्करनं लिहून ठेवा.

फायरवॉलमध्ये खोबण का करतात?

जुन्या फोर्ड व्ही-8 चा, म्हणजे ‘फ्लॅटहेड’चा, डिस्ट्रिब्युटर (स्पार्क वाटून देणारा भाग) इंजिनाच्या पुढच्या तोंडाला असतो, मागं अडचण नसते. 1955 मध्ये शेव्हरोलेचं 265 घन इंचाचं व्ही-8 आलं आणि सगळ्यांना तेच हवं झालं. त्याचा डिस्ट्रिब्युटर मागच्या टोकाला. जुन्या फोर्डमध्ये ते इंजिन ठेवलं की डिस्ट्रिब्युटर थेट फायरवॉलच्या छातीवर. इंजिन पुढं सरकवावं तर रेडिएटर-फॅन आडवा येतो. म्हणून फायरवॉल आत ढकलतात.

किती आत? लागेल तेवढंच, कारण तुम्ही घेतलेला प्रत्येक इंच ड्रायव्हरच्या पायांतून जातो. इंजिन खऱ्या माउंटवर बसवूनच माप घ्या. डिस्ट्रिब्युटरची टोपी जागेवर काढता-घालता आली पाहिजे, शिवाय इंजिन झटका देतं तेव्हा हलतं. मी चहूबाजूंनी 25 मिमी मोकळे ठेवतो.

काम असं चालतं. 18 मिमी प्लायवुडचे खोबणीच्या आकाराचे दोन साचे कापायचे, कडा सहा मिमी त्रिज्येनं गोल करायच्या. पत्रा दोन्ही साच्यांच्या मध्ये धरून क्लॅम्प आवळायचे. बाहेर राहिलेली 15 मिमीची कड लाकडी हातोड्यानं वळवायला घ्यायची. एका जागी उभं राहून पूर्ण 90 अंश वळवायचा मोह होतो. तो आवरा. सगळा काठ एकदा फिरून तीस अंश, मग पुन्हा पहिल्यापासून साठ, मग नव्वद. बाहेरच्या गोलाईवर पत्रा जास्त होतो आणि लाटा उठतात. त्या लहान असतानाच बसवायच्या. एकदा लाटेची घडी झाली की ती पुन्हा पत्रा होत नाही. भोकाच्या आतल्या काठाला वळवताना उलट होतं: तिथं पत्रा ताणला जातो, म्हणून काठ आधी कानशीनं गुळगुळीत करा. कात्रीचा एक दाता राहिला तरी चीर तिथूनच सुरू होते.

सपाट पत्रा ‘टॉक-टॉक’ वाजतो, काय करू?

तेलाच्या डब्याचा तळ दाबल्यावर जो आवाज येतो तोच हा. मोठा सपाट पत्रा लुळा असतो. त्यावर बीड रोलरनं, म्हणजे दोन साच्याच्या चाकांमधून पत्रा फिरवून, नाळ (उथळ पन्हळ) उमटवा. सहा-सात मिमी रुंदीची उथळ नाळसुद्धा फ्लोअरला ताठ करते. मात्र नाळ पत्रा आत ओढून घेते, तेव्हा आधी नाळ, मग अंतिम माप कापणं, मग घडी. हा क्रम उलटा केला तर चौकोन चौकोन राहत नाही.

नाळेची नक्षी करताना हात आवरता घ्या. जुन्या गाड्यांत दोन-तीन समांतर रेघा असत, कामापुरत्या. हल्ली फ्लोअरवर रांगोळी काढतात. सुंदर दिसते, पण ती गाडी 1950 ची वाटत नाही.

इंग्लिश व्हील नाही. गोलाई काढता येईल का?

येईल. गोलाई काढायचे मार्ग दोनच: मध्य ताणा किंवा काठ आकसवा. वाळूनं वा शिशाच्या छर्‍यांनी भरलेल्या चामडी पिशवीवर मध्ये ठोकलं की मध्य ताणतो. काठ आकसवणं मराठी घरात समजावून सांगायला सोपं आहे. उकडीच्या मोदकाच्या पारीला कळ्या पाडून आपण काठ गोळा करतो ना, तेच. दोन काट्यांच्या हत्यारानं पत्र्याच्या काठाला कळी पाडायची आणि तिचं तोंड बंद ठेवून टोकाकडून आत ठोकत जायचं. कळी जिरते, तिथला पत्रा जाड होतो, काठ आखूड होतो आणि पत्रा आपोआप वाटीसारखा उठतो.

मग येतं गुळगुळीत करणं, इथं त्याला प्लॅनिशिंग म्हणतात. ज्यांनी पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर मठार उमटताना पाहिलंय, त्यांना हातोडीची चाल ओळखीची वाटेल: घाव हलका, एकाशेजारी एक, खाली पोलादाचा टेकू अगदी घावाच्या बरोबर खाली. फरक एवढाच की तांबट मठार दिसू देतो आणि आम्हाला तो पुसायचा असतो. इंग्लिश व्हील तेच काम दोन चाकांमध्ये पत्रा मागं-पुढं फिरवून करतं. असेल तर वेळ वाचतो. वरचं चाक सपाट, खालच्याला गोलाई; उथळ गोलाईचं खालचं चाक आधी लावा आणि दाब कमी ठेवा.

बॉनेटच्या बाजूला लूव्हर कसे काढतात?

लूव्हर म्हणजे एका बाजूनं कापलेली आणि तिन्ही बाजूंनी पत्र्याला चिकटलेली फुगीर पापणी. इंजिनाची गरम हवा तिच्यातून मागं निघते. पंच आणि डाय एकाच दाबात कापतात आणि फुगवतात. साचा महाग असतो. वर्षातून एक बॉनेट करणाऱ्यानं तो विकत घेऊ नये, लूव्हर प्रेस असलेल्या दुकानाकडून पाडून घ्यावेत.

सपाट पत्र्यावरच पाडायचे, घड्या नंतर, कारण घडी आधी घातली तर ती डायला अडते. आखणी एकाच मूळ रेषेवरून करायची. शेजारच्या लूव्हरपासून मोजत गेलात तर अर्ध्या मिमीची चूक विसाव्या लूव्हरला एक सेंटिमीटर होते.

आणि उघडं तोंड मागच्या दिशेला. हे लिहायची गरज आहे का? आहे. डाव्या बाजूचा पत्रा मी मन लावून केला. उजव्याच्या वेळी तोच नमुना पलटी न करता ठेवला आणि प्रेसवाल्याला म्हटलं, होऊ दे. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलंही होतं. संध्याकाळी गाडीवर धरून बघतो तर सगळ्या पापण्या वाऱ्याकडं तोंड वासून. मित्र काही बोलला नाही, फक्त विचारलं, “पावसात रेडिएटर भरून घ्यायचाय का?” तो पत्रा अजून भिंतीवर टांगलाय, त्यावर हातमोजे वाळतात.

वेल्डिंग कुठलं: मिग, टिग की गॅस?

मिगनं (सरकत्या तारेच्या गननं) उभ्या-आडव्या कशाही जागी वेल्डचा टाका पटकन बसतो, पण शिवण कडक होते. हातोडीनं ठोकायला गेलं की ती ऐकत नाही, शेजारचा पत्रा मात्र ताणला जातो. फ्लोअर, ब्रॅकेट यांना मिग ठीक. दिसणाऱ्या बॉडीवर टिग (टंगस्टनच्या टोकाचं आर्क वेल्डिंग) किंवा गॅस, म्हणजे ऑक्सिअॅसिटिलीन. गॅसची शिवण मऊ, सगळ्यांत छान ठोकता येते आणि त्या काळाला धरूनही आहे. उष्णता मात्र जास्त पसरते.

पत्रा एकावर एक चढवून जोडू नका. त्या फटीत पाणी बसतं आणि चार वर्षांनी रंगाखालून गंज डोकावतो. टोकाला टोक भिडवा. आधी दर इंचाला वेल्डचा एकेक छोटा टाका, एक इथं तर पुढचा दूर तिथं. शिवण थंड होताना आकसते आणि पत्रा तिच्याकडं ओढला जातो. बसका खड्डा पडतो. त्याला अजून आकसवू नका. डॉली (हातात धरायचा पोलादी ठोकळा) मागं धरून शिवणीवरच ठोका, म्हणजे ती ताणून परत लांब होते. ओल्या फडक्यानं दर टाक्याला विझवणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. हवेनं थंड होऊ द्या आणि तेवढ्यात चहा घ्या.

पुट्टी भरू की शिसं?

पुट्टीनं गाडी वाईट होत नाही, थर पातळ असला की झालं. पण जुन्या पद्धतीत शिसंच. 70 भाग शिसं आणि 30 भाग कथील हे मिश्रण 183 अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागतं आणि 255 च्या आसपास पूर्ण वितळतं. या दोन आकड्यांच्या मध्ये ते घट्ट लोण्यासारखं राहतं, म्हणून लाकडी पट्टीनं ते उभ्या भिंतीवरही सारवता येतं. पट्टीला चरबी लावतात, चिकटू नये म्हणून.

त्याआधी पत्र्यावर कथलाचा पातळ हात द्यावा लागतो. हे दुसरं तिसरं काही नसून कल्हई आहे. आपल्याकडचा कल्हईवाला नवसागर टाकून, कथील फिरवून, कापसाच्या बोळ्यानं पुसतो, अगदी तसंच. नुसतं साधन वेगळं. माझी आजी हे बघून म्हणाली असती की पातेलं कुठंय?

फ्लक्सचा, म्हणजे नवसागरासारख्या पदार्थाचा, अंश राहिला तर रंग फुगतो, तेव्हा शेवटी नीट धुऊन घ्या. शिसं कानशीनंच उतरवायचं. ग्राइंडर किंवा सँडिंग डिस्क लावायची नाही, ती धूळ फुफ्फुसांत जाते.

अॅल्युमिनियम मऊ करायची ती काजळीची युक्ती खरी आहे का?

खरी आहे. अॅल्युमिनियम तापताना लाल होत नाही, अचानक वितळून खाली पडतं. म्हणून आधी नुसत्या अॅसिटिलीनच्या ज्योतीनं त्यावर काजळी धरायची, मग ज्योत नीट जुळवून दुरून फिरवायची. काजळी उडून गेली की पत्रा मऊ झाला. तिथून पुढं एक क्षणही थांबू नका. ठोकता ठोकता तो पुन्हा कडक होतो, मग पुन्हा काजळी.

जोडणी कशी करावी म्हणजे जुनी वाटेल?

आधी क्लेको. ही स्प्रिंगची तात्पुरती रिव्हेट विमान कारखान्यांतूनच आली. रंगावरून माप कळतं: तांबूस म्हणजे 1/8 इंच, काळी 5/32. सगळा भाग क्लेकोवर गाडीला लावून बघा, समाधान झालं की मग पक्कं करा. बॉनेटच्या बाजूंना आणि पोटाखालच्या पत्र्याला पाव फेऱ्यात उघडणारे झूस फास्टनर, तेही विमानातलेच. टनेल मात्र वेल्ड करू नका, बोल्टनं बसवा. गिअरबॉक्स कधी ना कधी काढावा लागतो. गोल डोक्याचे चकचकीत अॅलन बोल्ट पाहिले की माझा तरी जीव कासावीस होतो.

सुरक्षिततेचं काय?

हातमोजे, चष्मा, कानात बोळे हे तुम्हाला माहीत आहेच. न सांगितल्या जाणाऱ्या तीन गोष्टी सांगतो.

क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरनं पत्रा पुसून त्यावर आर्क वेल्डिंग केलं तर फॉस्जिन तयार होऊ शकतो. हा विषारी वायू पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला होता. पुसायला अॅसिटोन घ्या, तो पूर्ण उडू द्या आणि डबा लांब ठेवा.

जस्ताच्या मुलाम्यावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो.

1928 ते 1931 च्या मॉडेल ए फोर्डमध्ये पेट्रोलची टाकी काउलमध्येच असते. बाहेरून जो काउलचा पत्रा दिसतो, तोच टाकीचा वरचा पत्रा. तिथला खड्डा काढायला टॉर्च पेटवणं म्हणजे टाकीवर टॉर्च पेटवणं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. हे काम टाकी दुरुस्त करणाऱ्याकडं द्या.

अशी गाडी महाराष्ट्रात बनवून रस्त्यावर आणता येईल का?

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 वाहनाच्या मूळ रचनेत बदल करायला मोकळीक देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते कडकपणे लावलं. तेव्हा छप्पर कापण्याआधी आरटीओत जाऊन या. जुन्या गाडीचा गंजलेला फ्लोअर मूळ मापात नव्यानं बनवणं हा वेगळा विषय आहे, आणि वर लिहिलेलं जवळपास सगळं त्यालाही लागू पडतं. व्हिंटेज गाड्या जपणाऱ्यांना याच कलेची गरज असते.

एक भाग बनवायला किती वेळ लागतो?

खोबणीची फायरवॉल मला चार शनिवार लागली. त्यातला दीड शनिवार पुठ्ठा.

तयार पत्रा रंगाआधी किती दिवस उघडा ठेवता येतो?

आमच्या कोरड्या हवेत महिनाभर काही होत नाही. कोकणात किंवा मुंबईत जूनमध्ये एक रात्रही भारी पडते. घामेजल्या हातानं धरलेल्या जागी सकाळी अंगठ्याचा तांबूस ठसा उमटलेला असतो, रेषांसकट. तेलाचा पातळ हात देऊन ठेवा, रंगाआधी ते थिनरनं काढा, आणि मधल्या काळात पत्रा बघायला येणाऱ्यांना हातमोजे द्या. माझ्याकडं ते लूव्हरच्या उलट्या पत्र्यावर टांगलेले असतात.